परदेशातला गणपती: शनिवारी नको, तिथीलाच बसवा

परदेशात चतुर्थी आठवड्याच्या मधल्या वारी आली की ‘शनिवारी करू या’ असं सर्रास ठरतं. मंडळाचा गणपती खुशाल शनिवारी करा. हॉल, ढोल-ताशा, पोरांची नाटुकली, महाप्रसाद हे सगळं सुट्टीच्या दिवशीच जमतं. पण घरचा गणपती तिथीलाच बसला पाहिजे, मग तो दीड दिवसाचा का असेना. ऑफिस सांभाळूनही हे होतं.

फक्त तिथी भिंतीवरच्या भारतातल्या कॅलेंडरवरून घेऊ नका. मध्यान्हकाळी चतुर्थी हवी, आणि तो मध्यान्ह तुमच्या गावचा. २०२५ साली भारतात गणपती २७ ऑगस्टला बसले. चतुर्थी लागली होती २६ तारखेला दुपारी १.५४ला आणि संपली २७ला दुपारी ३.४४ला. न्यूयॉर्कच्या घड्याळात हे झालं २६च्या पहाटे ४.२४ ते २७च्या सकाळी ६.१४. म्हणजे तिथे मध्यान्हीची चतुर्थी २६लाच होती! गाव निवडता येईल असं ऑनलाइन पंचांग बघा, प्रश्न मिटला.

मूर्ती भारतातून प्लास्टरची आणू नका; ती बादलीत विरघळत नाही आणि तिथल्या नदी-तळ्यात सोडायची तर परवानगीचा प्रश्न. त्यापेक्षा कुंभारकामाच्या सामानाच्या दुकानातली साधी माती घ्या. अमेरिकेत २५ पौंडांची, ब्रिटनमध्ये १२.५ किलोची पिशवी मिळते. सहा इंची मूर्तीला दीड-दोन किलो पुरते, उरलेल्या मातीत शेजारच्या मुलांचेही गणपती होतात. ‘एअर ड्राय क्ले’ मात्र टाळा. तिच्यात बरेचदा कागदाचे तंतू नाहीतर चिकटद्रव्य असतं, ती नीट विरघळत नाही.

हात आणि सोंड जोडताना दोन्हीकडे खाचा पाडा, मातीचाच पातळ चिखल लावा, मग दाबा. सोंड लवकर सुकते, पोट सावकाश. सांध्याला तडा जातो तो यामुळे. म्हणून पहिले दोन दिवस मूर्तीवर प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला आणि चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधीच कामाला लागा. पूर्ण सुकलेली मूर्ती पाण्यात भराभर विरते, अर्धी ओली राहिली तर गोळाच राहतो. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. झाडांना घाला.

आता मोदक. परदेशात मोदक फुटतात ते बहुतेक वेळा पिठामुळे. भारतीय दुकानातली तांदळाची पिठी बरेचदा जाडसर असते, तिच्या उकडीला चिकटपणा येत नाही. थाई किंवा व्हिएतनामी दुकानातली ओली दळून सुकवलेली पिठी घ्या, अगदी तलम असते. पाकीट नीट वाचा: साधी पिठी वेगळी, चिकट तांदळाची वेगळी. एक वाटी साध्या पिठीला एक मोठा चमचा चिकट पिठी पुरे. जास्त झाली तर मोदकाच्या कळ्या वाफेत खाली बसून मोडतात.

वाटीला वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की आच मंद करून पिठी घाला, ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढा. गॅस बंद करून आणखी पाच-सात मिनिटं झाकूनच ठेवा. मग हाताला सोसेल इतकी गरम असतानाच, पाणी-तेलाचा हात लावत चांगली मळा. गार झालेली उकड मळली की पारीच्या कडेला भेगा पडतात. एकेक गोळा घ्या, बाकीची ओल्या फडक्याखाली राहू द्या.

सारणाला फ्रोझन खोबरं उत्तम, पण पूर्ण वितळवून हलकं पिळून घ्या, नाहीतर सारण पाणी सोडतं आणि मोदक तळातून फुटतो. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. मिश्रण गोळा होऊ लागलं की लगेच उतरवा, त्यापुढे ते कडक होतं. वेलची-जायफळ घाला. खसखस सिंगापूर आणि दुबईच्या मंडळींनी वगळावी. तिथे तिच्यावर बंदी आहे, भारतातून येताना सामानातही ठेवू नका.

हळदीची पानं नसली तर फ्रोझन केळीची पानं चालतात. मोदक पाण्यात बुडवून चाळणीत ठेवा, पाणी उकळत असतानाच चाळणी चढवा, दहा-बारा मिनिटं पुरतात. झाकणाला फडकं बांधा, म्हणजे वाफेचं पाणी कळ्यांवर ठिबकणार नाही.