चाळीसवर लावायचं आणि विचारायचं बी की टी!

आजच्या हिस्टॉलॉजी प्रॅक्टिकलमधल्या स्पॉटिंगचा (सूक्ष्मदर्शकाखाली लावलेलं मिनिटभरात ओळखायचं, ती परीक्षा) सहावा स्पॉट. लिम्फ नोडची (लसिका ग्रंथीची) साधी एच अँड ई स्लाइड, म्हणजे नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाची; लेन्स चाळीसची. पॉइंटरच्या टोकाशी एक गोल, गच्च जांभळं केंद्रक, भोवती सायटोप्लाझमची जेमतेम कड. प्रश्न: पेशी ओळखा, प्रकार लिहा. प्रकार!

मी 'स्मॉल लिम्फोसाइट' (प्रतिकारशक्तीची छोटी पांढरी पेशी) लिहिलं. शून्य. एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, हवं होतं 'टी लिम्फोसाइट, पॅराकॉर्टेक्स'. लिम्फोसाइटचे बी आणि टी हे दोन मुख्य प्रकार, आणि पॅराकॉर्टेक्स हा नोडमधला टी पेशींचा भाग. अहो सर, पॅराकॉर्टेक्स दिसायला आधी दहावर यावं लागतं! कॅप्सूल (नोडचं आवरण) कुठे, फॉलिकल (बी पेशींचा गोल पुंजका) कुठे, त्यातलं फिकट जर्मिनल सेंटर कुठे हे दिसलं, तर फॉलिकलच्या बाहेरची आहे म्हणून टी असावी, एवढं म्हणता येतं. तोही अंदाजच. आणि तुमचा नियम काय, तर लेन्स फिरवायची नाही, स्लाइडला हात लावायचा नाही, फाइन फोकस तेवढा हलवा!

वर ऐकवलं, "नीट बघितलं की कळतं." काय कळतं? बी आणि टी एच अँड ईमध्ये दिसायला सारख्याच. जुन्या लोकांनी कित्येक दशकं लिम्फोसाइट बघितल्या, कोणाला दोन प्रकार दिसले नाहीत. १९६१मध्ये जाक मिलर या संशोधकाने उंदरांच्या पिल्लांचा थायमस (टी पेशी जिथे तयार होतात ती छातीतली ग्रंथी) काढला, कोंबड्यांच्या बर्सावर (बी पेशी तयार होतात त्या अवयवावर) प्रयोग झाले, तेव्हा कुठे हे वेगळे निघाले. आजही खात्री हवी तर सीडी३ (टी पेशींची खूण), सीडी२० (बी पेशींची) दाखवणारे खास रंग लावावे लागतात. आणि आम्हाला ते मिनिटाची घंटा वाजायच्या आत नुसत्या डोळ्यांनी सांगायचं?

प्लाझ्मा सेल (बी पेशीपासून बनणारी, प्रतिपिंडं तयार करणारी पेशी) विचारा की! केंद्रक कडेला, क्रोमॅटिन घड्याळाच्या तबकडीसारखं, शेजारी फिकट जागा. ती ओळखता नाही आली तर खुशाल मार्क कापा.

आणि त्या स्लाइड्स! सेक्शन इतकं जाड की केंद्रकांवर केंद्रकं चढलेली, रंग उडून सगळं फिकट गुलाबी. चाळीसच्या कोरड्या लेन्सला तेल फासणाऱ्यांना तर प्रॅक्टिकल हॉलमध्ये पाऊल टाकू देऊ नये. वर्षभर जर्नलमध्ये जांभळ्या पेन्सिलीने ठिपके काढून घेतले, "अजून दाट" म्हणून पानं फाडली, पण दहावरून चाळीसवर जाताना काय शोधायचं, हे एका प्रॅक्टिकललाही कोणी शेजारी बसून दाखवलं नाही.

माझा मार्क मला परत हवा. प्रकारच विचारायचा असेल, तर सीडी३ची स्लाइड लावा, नाहीतर दहाची लेन्स फिरवू द्या.