परिचारिकेचा आत्मविश्वास आटोक्यात ठेवण्याचे उपाय

अधीक्षकसाहेब, नव्या खुर्चीबद्दल आपले अभिनंदन. जाणकार सांगतात की परिचारिकेला पाठबळ मिळाले की ती लवकर बिघडते. ती रुग्णालयाला आपले मानू लागते आणि आपल्याला काम येते असा तिचा समज होतो. हे वेळीच रोखावे.

सुरुवात संख्येपासून करावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात 3 रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. हा निकष कार्यालयात सुरेख चौकटीत लावावा आणि रात्रपाळीला 40 खाटांच्या वॉर्डात एकच सिस्टर ठेवावी. (खाटांखाली गाद्यांवर झोपवलेले रुग्ण मोजू नयेत.) सलाईन, इंजेक्शने आणि नोंदी यांतच रात्र सरली की तिला कोणत्याही रुग्णाकडे निवांत पाहता येत नाही, आणि पाहिल्याशिवाय नजर तयार होत नाही.

तरीही एखादी पाहतेच. रात्री दोन वाजता 11 नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना धाप लागली आहे, नाडी 130 आहे, लघवीची पिशवी संध्याकाळपासून रिकामी आहे, पण रक्तदाब अजून ठीक दिसतो. तिला शंका येते आणि ती निवासी डॉक्टरांना फोन करते. हा क्षण फार जपून हाताळावा. डॉक्टरांनी येऊन तपासले आणि ‘बरे झाले बोलावलेत’ एवढे जरी म्हटले, तरी पुढच्या वेळी ती अर्धा तास आधी बोलावील, आणि शेजारी उभी असलेली नवखी मुलगीही तिच्याकडे पाहून शिकेल. म्हणून ‘रक्तदाब ठीक आहे ना, मग कशाला उठवता?’ असे खेकसण्याची मुभा डॉक्टरांना असावी, आणि सकाळच्या राउंडला आपण स्वतः, नातेवाइकांसमोर, ‘केसपेपरवर नोंद का नाही?’ एवढेच विचारावे. अशा चार रात्रींनंतर ती स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मॉनिटरवर आणि मॉनिटरपेक्षा रजिस्टरवर विश्वास ठेवू लागते.

निष्ठेची मात्र काळजी नको. 1973 मध्ये हल्ला झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची शुश्रूषा मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी 2015 पर्यंत केली. त्यासाठी त्यांना निष्ठेच्या कार्यशाळेत बसावे लागले नव्हते. परिचारिका एकमेकींना अशा सांभाळून घेतात आणि त्याचा खर्च कोणत्याही लेखाशीर्षाखाली दाखवावा लागत नाही, तेव्हा रिक्त पदे भरण्याची घाई कशाला? 12 मे रोजी, म्हणजे जागतिक परिचारिका दिनी, प्रत्येकीला एक गुलाब द्यावा. समारंभ ड्युटी सुटल्यानंतर ठेवावा.

एवढे करूनही एखादी इंग्रजीची परीक्षा देऊन परदेशी निघाली, तर ती अनुभवाच्या दाखल्यासाठी आपल्याकडे येईल. त्यावर ‘कामात निष्णात, निर्णयक्षम’ असे लिहावे लागते. ते बेलाशक लिहावे, फक्त सहीसाठी तिला तीन खेपा घालायला लावाव्यात.