‘छपाई चुकलेलं नाणं, किंमत पाच लाख’: त्या मेसेजमधले दावे तपासू

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. गेंड्याचे पंचवीस पैसे, वैष्णोदेवीचे पाच रुपये, छपाई चुकलेलं कुठलंही नाणं किंवा अक्षरं कापली गेलेली शिवराई घरात असेल, तर लाखो रुपये मिळतील म्हणे. नाणं घासून चकचकीत करा, फोटो पाठवा, नोंदणी फी भरा; रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने परदेशी गिऱ्हाईक मिळेल. एका मेसेजात इतक्या थापा क्वचितच सापडतात.

गेंडा आणि वैष्णोदेवी पटकन आटपू. गेंड्याचं स्टीलचं नाणं १९८८ पासून पुढे कित्येक वर्षं टाकसाळींतून निघत होतं. जून २०११ अखेर पंचवीस पैसे चलनातून गेले हे खरं, पण चलनातून गेलं म्हणजे दुर्मीळ झालं असं होत नाही. २०१२ चं वैष्णोदेवीचं नाणं तर अजूनही वाण्याकडून सुट्ट्यात मिळतं. मेसेजसोबत दहा लाखांचा स्क्रीनशॉट असतो, तो विकणाऱ्याने सांगितलेला भाव. सांगायला कोण काय सांगतो! नाणं कितीला गेलं, ते बघायचं असतं.

‘टाकसाळीचं चिन्हच नाही, म्हणजे एरर (छपाईतली चूक)’ ही आणखी एक लोणकढी. मुंबईच्या नाण्यावर वर्षाखाली चौकट असते, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका. कोलकाता चिन्ह टाकतच नाही.

आता खरा मुद्दा. एरर म्हणजे नाणं टाकसाळीतून बाहेर पडण्याआधी झालेली चूक. नंतर घरात, रस्त्यावर, रेल्वेच्या रुळावर जे होतं ते नुकसान, आणि त्याला शून्य किंमत. दोन्हींतला फरक भिंगाखाली दिसतो. काठाचा तुकडा चंद्रकोरीसारखा उडालेलं नाणं घ्या. पत्र्यातून चकती कापतानाच ती अर्धवट कापली गेली असेल, तर छाप पडताना धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो. तिथली अक्षरं ताणल्यासारखी, विरत गेलेली दिसतात. शिवाय बरोबर समोरच्या बाजूची कडही बहुतेकदा बसकी असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात त्या ठिकाणी दाब पुरेसा बसत नाही. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत उभी, आणि अक्षर सुरीने कापल्यासारखं मध्येच तुटलेलं.

ब्रोकेजचंही तसंच. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, की पुढच्या चकतीवर एका बाजूला त्याचं उलटं, खोलगट चित्र उमटतं. हौशी कारागीर दोन नाणी पकडीत दाबून हाच परिणाम साधू पाहतात. मग उलट्या चित्राखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात आणि दुसरी बाजू चपटी होते. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला दिसला तरी हुरळू नका: बाहेरचं कडं आणि मधला गाभा एकाच ठोक्यात जोडले जाऊन छापले जातात, त्यामुळे गाभा फिरलाय तो टाकसाळीबाहेर. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं हातात आलं, तर कडेच्या आतल्या बाजूला नखाने सांधा शोधा. बहुतेकदा सापडतो.

शिवराईबद्दलचा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण घराघरांत देव्हाऱ्यात शिवराई असते आणि माणसं हरभऱ्याच्या झाडावर चढतात. शिवराई हातोड्याने ठोकलेलं नाणं. साचा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, तुकडाही नेमका गोल नाही. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्रपति’ पूर्ण उतरणं हाच अपवाद. कापलेलं अक्षर ही रीत झाली; संग्राहक जास्त मोजतो ते अक्षरं पूर्ण असलेल्या नाण्याला. शिवराया पेशवाईत आणि त्यानंतरही निघत होत्या, तेव्हा ‘शिव’ दिसलं की थेट महाराजांच्या काळात उडी मारू नये.

स्थिती बघताना घोळ होतो तो झीज आणि कच्चा ठोका यांत. दोन्हीत अक्षर पुसट. पण हाताळून झिजलेलं अक्षर माथ्यावर गुळगुळीत, चपटं असतं आणि सगळ्यात उंच भाग आधी जातो. ठोका कमी बसलेल्या जागी मूळ तांब्याचा खडबडीतपणा तसाच राहतो, आणि शेजारचं अक्षर मात्र टोकदार असतं. तिरक्या उजेडात नाणं हळूहळू फिरवलं की हे कळतं. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत कळत नाही.

त्यातून ‘चकचकीत करा’ हा सल्ला म्हणजे कहरच. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. तांब्यावरचा काळपट-तपकिरी थर गेला की नाणं गुलाबी, निर्जीव दिसतं, अंगभर बारीक ओरखडे उठतात आणि भाव पडतो. तो थर पुन्हा पूर्वीसारखा चढवता येत नाही. माती चिकटली असेल तर साधं पाणी पुरे, आणि पुसायचं नाही, टिपायचं.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं हनुमानाचं किंवा रामदरबाराचं ‘नाणं’ याच मेसेजच्या शेपटीला येतं. कंपनीने असं नाणं काढलेलं नाही. ते देवळाबाहेर विकले जाणारे टोकन, बरेचसे अलीकडचे.

राहिली फी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आणि परदेशी गिऱ्हाईक? १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे. खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. देव्हाऱ्यातली ती शिवराई याच कायद्यात बसते.