‘नुसतं अत्तर मारून दिलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

गाडी चार तासांत देतो म्हणालो आणि सहा तास लागले, त्यात तुमचा फोनही दोनदा उचलला गेला नाही. चूक आमचीच, माफ करा. लेकीला नव्या गाडीच्या वासाने मळमळतं म्हणून गाडी आतून साफ करून घ्यायला तुम्ही आला होतात, त्यामुळे तुमचा राग समजतो.

पण ‘२,८०० रुपये घेतले, नुसतं अत्तर मारून दिलं, तीन दिवसांत वास परत’ हे वाचून फार लागलं. आमच्या दुकानात अत्तराची एक बाटली नाही. ठेवतच नाही. गाडी परत घेताना तुम्हाला जो लिंबाचा गोडसर वास आला, तो ड्रायव्हरशेजारच्या सीटखालच्या सुगंधी जेलच्या डबीचा. व्हॅक्युम मारताना ती निघाली. तुमची वस्तू म्हणून पुसून परत जागेवर ठेवली. तेव्हाच तुमच्या हातात द्यायला हवी होती.

डबीवरून एवढं बोलतोय त्याला कारण आहे. नव्या गाडीचा वास म्हणजे डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटचा फोम, कार्पेटखालचा गोंद यांतून सुटणारी टोल्यूइन, झायलिन, स्टायरीन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं. गाडी तापली की ती जास्त सुटतात, आणि इंदूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. जेलचंही तेच. डबी रिकामी होत जाते, मग आतलं जातं कुठं? केबिनमध्येच. त्यात तुमचा एसी रीसर्क्युलेशनवर होता, म्हणजे तीच हवा फिरून फिरून. एसीला आम्ही बसवलेला फिल्टर कार्बनचा, म्हणजे कोळशाचा आहे, तो कागदी फिल्टरसारखी नुसती धूळ अडवत नाही, वायूही धरतो. पण धरतो मोजकंच. कोळशातली जागा जेलच्या वासानेच भरली तर टोल्यूइनला काय उरणार? फॉर्मल्डिहाइड तर साध्या कोळशाला एरवीही नीट धरवत नाही. म्हणूनच पावतीवर ‘वास कमी होईल, संपणार नाही’ असं लिहितो. तुमच्याही पावतीवर आहे, बघा.

दुसरा गॅरेजवाला ५०० रुपयांत वास मारायला ओझोन वायू सोडणारं मशीन लावतो, असंही तुम्ही लिहिलंय. लावत असेल. लिंबाच्या वासातलं लिमोनिन आणि ओझोन एकत्र आले की त्यातून फॉर्मल्डिहाइडच तयार होतं, शिवाय दारांच्या रबराला ओझोन चांगला नाही. लहान मूल बसणाऱ्या गाडीत आम्ही ते करत नाही, कोणी कितीही स्वस्त करो.

पैशांचा हिशेब: फिल्टर ९५०, सीट आणि कार्पेट धुणं १,४००, डॅशबोर्ड-दारं ओल्या मायक्रोफायबरने पुसणं ४५०. पॉलिश मारलं नाही, कारण त्याचाही वास सुटतो. वरचे दोन तास गेले सुकवण्यात. सीट वरून कोरडी दिसत होती, तळव्याने दाबली तर हाताला ओल लागली. तशीच दिली असती तर चार दिवसांत कुबट वास आला असता आणि आज रिव्ह्यू त्याचा असता. मागच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढू का, असंही विचारलं होतं. राहू द्या म्हणालात. त्याखाली वास कोंडून राहतो, ताई.

आता एवढं करून बघा. प्लास्टिक काढा. सावलीत, नजरेसमोर गाडी असेल तेव्हा काचा बोटभर खाली ठेवा. उन्हातून गाडी काढताना चारही दारं दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा, मग पंखा पूर्ण आणि बाहेरची हवा चालू. पलासियाला बसच्या मागे अडकलात तर रीसर्क्युलेशन ठीक, पुढे निघालात की बंद.

गाडी देताना हे सगळं नीट सांगायचं, याकडे आम्हीही आता लक्ष देऊ. आठवडाभरात कधीही या, फिल्टर काढून बघायचे पैसे लागणार नाहीत. डबी मात्र घरी ठेवून या.