जन्म घेण्याआधी एवढं वाचा

मोबाइलचं कव्हर घ्यायचं तरी आपण अर्धा तास घालवतो. जन्म घेताना मात्र माणसं कमालीची बेफिकीर असतात. आईबाप कोण ते एक वेळ सोडा, पण नकाशावरच्या रेघेच्या कुठल्या बाजूला पहिला टाहो फोडायचा, एवढं तरी आधी ठरवायला नको? काम तेच, हात तेच. रेघ ओलांडली की मजुरी कित्येक पटींनी वाढते. तेव्हा योग्य बाजूलाच जन्मा. म्हणजे पुढे आयुष्यभर 'आम्ही सगळं स्वकष्टाने मिळवलं' असं सांगता येतं.

चूक झालीच असेल, तर व्हिसाचा फॉर्म भरा. फोटोत हसू नका, दात दिसले तर फोटो परत येतो. बँकेत पैसा आहे, घर आहे, नोकरी आहे, थोडक्यात तिकडे जायची तुम्हाला काहीएक गरज नाही, हे कागदोपत्री सिद्ध करा. मग कदाचित जाऊ देतील. ज्याला खरोखर गरज आहे त्याने फॉर्मची फी वाया घालवू नये.

हक्कबिक्क काढून वाद घालू नका. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम स्वतःचा देश सोडण्याचा हक्क देतंच की! दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क मात्र त्यात नाही. उडी मारायला तुम्ही मोकळे. पाय टेकायला जागा ज्याची त्याने बघावी. आणि 'पूर्वी असं नव्हतं' हेही नको. १९१४च्या आधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता येत होतं, खरं आहे. महायुद्धापुरती म्हणून तपासणी आली, १९२०मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने पुस्तिकेचा नमुनाही ठरवून दिला. ती तात्पुरती सोय अजून तात्पुरतीच आहे.

आता मुख्य मुद्दा: 'ते आले की आपली मजुरी पडते'. हे वाक्य पाठ करा आणि टोमॅटोपासून लांब राहा. १९४२पासून अमेरिकेत 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन मजूर कराराने शेतात राबायला येत. ऐन भरात वर्षाला चार लाखांवर. स्थानिक मजुरांचं भलं व्हावं म्हणून १९६४ अखेर योजना बंद केली. मजूर गेले. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तर स्थानिकांची मजुरी काही त्यामुळे वाढलेली दिसेना. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी टोमॅटो तोडायला यंत्रं आणली होती. यंत्राच्या दणक्यात साधा टोमॅटो फुटतो, म्हणून न फुटणारा, टणक वाण आधीच तयार करून ठेवला होता. परक्या माणसाला सामावून घेण्यापेक्षा टोमॅटो बदलणं सोपं गेलं! (दारं एकाएकी सताड उघडली तर काय होईल हे कुणी पाहिलेलं नाही, हे मीही मानतो. काही अर्थतज्ज्ञांच्या अंदाजाने जगाचं उत्पन्न दुपटीच्या आसपास जाईल. अंदाज निम्म्याने चुकला तरी रक्कम थोडीथोडकी नाही. पण एवढे पैसे मोजायचे कुणी, म्हणून नकोच.)

राहता राहिला एक प्रश्न: कामाची माणसं येऊ द्यायची आणि बाकीची अडवायची, तर ओळखायचं कसं? १९८५मध्ये हंगेरीतून एक बाई नवरा आणि लहान मुलीसह अमेरिकेला निघाली. देशाबाहेर पैसे न्यायला कडक मर्यादा, म्हणून गाडी विकून आलेले नऊशे पौंड तिने मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवले होते. म्हणजे सरळसरळ नियमभंग. त्या कातालिन कारिको. कोविडवरच्या एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या संशोधनासाठी २०२३मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं.

तेव्हा पद्धत सोपी आहे. अडतीस वर्षं थांबा. नोबेल आलं तर बाई कामाची. तोवर टेडी बेअर उसवत बसा.