निघायच्या दिवशी कोणाकडेही जाऊ नका

परदेशातून सुट्टीला आलेल्या माणसाला निघायच्या दिवशी "अगं, जाता जाता पाच मिनिटं डोकावून जा" म्हणणाऱ्या समस्त काका, मावश्या, आत्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी. अनफ्रेंड करायच्या आधी एवढं ऐका की परवापरवापर्यंत मीही तुमच्यातलाच होतो.

माझी धाकटी बहीण बॉस्टनला असते. दोन-तीन वर्षांनी एकदा ख्रिसमसच्या सुट्टीत येते, तीन आठवड्यांसाठी. साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे पहिला आठवडा पहाटे तीनला उठून चहा करण्यात जातो. दुसरा सासरी नाशिकला. तिसरा बँक, आधार आणि दाताचे डॉक्टर. उरतो तो निघायचा दिवस, आणि तो आपण तिला गाडीत बसवून संपवतो.

मागच्या खेपेचं सांगतो. सकाळी दादरहून ठाण्याला आत्याकडे, तिथून गोरेगावला चुलतभावाकडे, मग "एवढ्यात आलोच आहोत तर" म्हणून अंधेरीला मावशीकडे. तिन्ही घरी पोहे. तिसऱ्या बशीकडे बघताना मेव्हण्यांचा जो चेहरा झाला होता तो मी अजून विसरलेलो नाही. बिचारे बोलले काहीच नाहीत, जावई ना! परतताना हायवेवर दीड तास. घरी आलो तेव्हा साडेआठ वाजलेले आणि दोन बॅगा अजून उघड्या. जे हाताला लागेल ते कोंबलं आणि पळालो.

पुढचं तिने आतून फोनवर सांगितलं, कारण आपल्याला मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या दाराआत सोडत नाहीत. काउंटरवर एक बॅग भरली २६ किलो, परवानगी २३ची. तिथेच फरशीवर बॅग उघडली. लोणच्याची बरणी, परकर, भाच्याचे डायनासोर, सगळं रांगेतल्या लोकांसमोर. ते निस्तरून पुढे जाते तोवर पुन्हा बोलावणं आलं, कारण आईने प्रेमाने सुक्या खोबऱ्याच्या दहा वाट्या साडीत गुंडाळून दिल्या होत्या. सुकं खोबरं विमानात धोक्याच्या मालात मोडतं. त्यात तेल इतकं असतं की ते आपलं आपण तापू शकतं. आपण ज्याची चटणी करतो ते ज्वलनशील आहे हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. वाट्या तिथेच राहिल्या. फोनवर ती रडत होती, आणि खरं सांगतो, ते रडणं निरोपाचं नव्हतं. दमून रडत होती.

आपल्याला हा दिवस लांबलचक वाटतो कारण विमान रात्रीचं असतं. का असतं त्याचंही कारण आहे. तिचं विमान फ्रँकफर्टवरून जातं, आणि तिथे रात्री ११ ते पहाटे ५ विमान उतरवायला बंदी आहे, आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून. आपल्याकडून रात्री दोनच्या सुमाराला सुटलं की तिकडच्या घड्याळाप्रमाणे सहा-साडेसहाला उतरतं आणि पुढे अमेरिकेची विमानं पकडता येतात. जर्मन माणसाची झोप व्हावी म्हणून आपण जागतो, असं माझी बायको म्हणते. त्यात तारखेचा घोळ वेगळाच. मध्यरात्रीनंतरचं विमान म्हणजे तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख. आमच्या एका भावाने १२ तारखेच्या दुपारी निरोपाचं जेवण ठेवलं, पंचवीस पानं उठली, आणि बासुंदीची दुसरी वाटी घेताना कुणीतरी तिकीट बघितलं. विमान आदल्या रात्रीच १२:४०ला गेलं होतं.

तर यंदा मी आधीच जाहीर केलं. २८ डिसेंबरच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, मिसळ खायची, काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. ३ तारखेला दार बंद. आत्या रुसली. तिचं वय ८४, आणि तिच्याकडे "आमचं काय, आज आहे उद्या नाही" हे अस्त्र आहे, ज्यापुढे भले भले शरण जातात. मीही डळमळलो. पण एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरपासून बंद, सगळी गर्दी टिळक पुलावर. दादरमधून बाहेर पडायलाच तपश्चर्या लागते. नाही म्हणजे नाही.

मग त्या दिवशी काय केलं? बॅगांचं वजन. आमच्याकडे बाथरूममध्ये ठेवायचा वजनकाटा आहे. त्यावर बॅग नीट बसत नाही, म्हणून माणसाने आधी एकट्याने उभं राहायचं, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी करायची. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची वजनं सकाळी दहाच्या आत जगजाहीर झाली. मेव्हण्यांची तीन आठवड्यांत चार किलोंची कमाई. बॅग २३.६. मेतकूट काढायचं की भाजणी यावर आई आणि बहीण वीस मिनिटं भांडल्या, शेवटी मेव्हण्यांचे बूट निघाले.

आणि ओटी. दर खेपेला आई निघताना दारात ओटी भरायची, आणि दर खेपेला तो नारळ आणि तांदूळ जिन्याखालीच परत माझ्या पिशवीत यायचे. अमेरिकेत भारतातून तांदूळ न्यायला मनाई आहे, धान्यात लागणाऱ्या खापरा किड्याच्या भीतीने. ताजा कढीपत्तासुद्धा चालत नाही, त्याच्यासोबत लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग जातो म्हणून. म्हणजे माहेरवाशिणीची ओटी तिकडच्या कायद्यात बसतच नाही. यंदा आई म्हणाली, मग सकाळीच भरते. पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ घातले. आणि अकराच्या सुमाराला त्याच नारळाला विळी लावली. ओटीतल्याच तांदळाचा नारळीभात केला. लवंगा तुपात तडतडल्या तेव्हा बहीण ओट्याला टेकून नुसती उभी होती. हातात मोबाइल नाही, काही नाही. असं उभं राहायला तिला तीन आठवड्यांत वेळ मिळाला नव्हता. "शेवटचा दिवस किती पटकन..." असं काहीतरी ती म्हणायला लागली तर आई ओरडली, "शेवटचा म्हणू नये!" आणि गूळ जास्त पडला.

जेवून सगळे लादीवर आडवे. चारला आत्याचा फोन आला. बहीण पालथी पडून, पाय हलवत तिच्याशी चाळीस मिनिटं बोलली. ठाण्याला गेली असती तर त्यातली वीस मिनिटं पोहे आणि दहा मिनिटं "निघायला हवं" यात गेली असती. हे मी आत्याला सांगणार आहे, हिंमत झाली की.

भाचा अकरा वर्षांचा. त्याचं मराठी "मामा, पाणी पाहिजे आहे" या धर्तीचं, पण आजीने त्याला बदाम सात शिकवलं आणि त्या दुपारी ओळीने सात डाव झाले. पठ्ठ्या पत्ते गुडघ्याखाली दाबून ठेवतो. आजीला दिसतं. ती स्वतःही तेच करते.

एअरपोर्टला आम्ही कुणी गेलो नाही, यावरूनही घरात थोडी कुरबुर झाली. माझ्या लहानपणी एकजण परदेशी निघाला तर सहारला अख्खी चाळ जायची, हार वगैरे घेऊन. आता गाडी थांबते न थांबते तोच सुरक्षावाला शिट्टी मारतो. त्या तीन मिनिटांसाठी दोन गाड्या कशाला? सव्वादहाला बिल्डिंगच्या गेटवर सगळ्यांच्या हातावर दही ठेवलं, "येतो" म्हणाले, गेले. बॅगा काउंटरवर एका फटक्यात पास झाल्या, असा मेसेज पावणेबाराला आला. मी तोवर झोपलो होतो, सकाळी वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पत्ते घेऊन बसली. मोजले तर एक्कावन्न. बदामाची सत्ती गायब, आणि तिच्याशिवाय डाव सुरूच होत नाही. गादीखाली, सोफ्याखाली शोधलं. रात्री व्हिडिओ कॉलवर भाच्याने जॅकेटच्या खिशातून काढून दाखवली. आईने मग जोकरवर लाल स्केचपेनने बदाम काढला, बाजूला सात लिहिलं, आणि मला म्हणाली, बस, वाट.