कोरे राहिलेले पोस्टकार्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जपानमध्ये इंग्रजी शिकवताना हिवाळ्यातले सण कसे साजरे करावेत, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण तीन मुद्दे मांडले आहेत. सरकारी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला नाताळचा कार्यक्रम करणे म्हणजे भाषेच्या आडून एका धर्माचा सण मुलांच्या गळी उतरवणे होय, हा पहिला. नाताळऐवजी नववर्ष साजरे करावे, कारण ते सर्वांचे असते आणि त्याने कोणी दुखावले जात नाही, हा दुसरा. आणि एकट्या पडलेल्या शिक्षकाला ‘तिथल्या लोकांत मिसळा’ असे सांगणे सोपे असले, तरी ज्याला कोणी बोलावतच नाही त्याने काय करावे, हा तिसरा. यांपैकी तिसरा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, पहिला अर्धा मान्य आहे आणि दुसरा मान्य नाही. दुसरा मान्य नसण्यामागे एक प्रसंग आहे. मूळ लेखात तो लिहिण्याचे धैर्य मला झाले नव्हते. आपल्या प्रतिक्रियेमुळे तो आता लिहीत आहे.

आधी धर्माचा प्रश्न. जपानचा शिक्षणविषयक मूलभूत कायदा २००६ साली सुधारण्यात आला. त्याच्या पंधराव्या कलमानुसार सरकारी शाळांना कोणत्याही विशिष्ट धर्माचे शिक्षण देता येत नाही. त्याच कलमात, धर्मविषयक सामान्य ज्ञान आणि सहिष्णुता यांना शिक्षणात स्थान असावे, असेही म्हटले आहे. त्यामुळे नाताळ म्हणजे काय, हे वर्गात सांगायला आडकाठी नाही. मुलांकडून प्रार्थना म्हणून घ्यायला निश्चितच आहे. शिवाय तिथला नाताळ लोकांच्या लेखी धार्मिक सण राहिलेलाच नाही. ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत, २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी नसते, आदल्या दिवशीची संध्याकाळ तरुण जोडप्यांची मानली जाते, आणि घरोघरी क्रीम व स्ट्रॉबेरीचा केक कापला जातो. त्या रात्री तळलेले चिकन खाण्याची प्रथा तर १९७० च्या दशकातल्या एका जाहिरात मोहिमेतून रुजली. २५ तारीख उलटली की दुकानांतली नाताळची झाडे उतरतात आणि त्यांच्या जागी नववर्षाचे, पाइन आणि बांबू यांचे कादोमात्सु उभे राहते.

तरीही आपला आक्षेप मी अर्धा मान्य करते, तो वेगळ्या कारणासाठी. उत्तर जपानमधल्या तोहोकू भागातल्या एका लहान गावी, माध्यमिक शाळेत मी साहाय्यक भाषाशिक्षिका म्हणून काम करत होते. पहिल्या डिसेंबरात नाताळचा पाठ चालू असताना एका मुलाने हात वर करून विचारले, ‘तुमच्या घरी झाड केवढे असते?’ माझ्या घरी नाताळ कधीच साजरा झालेला नव्हता. पण माझ्यासोबत तास घेणाऱ्या जपानी शिक्षिकांनी आठवडाभर खपून त्या पाठाची चित्रे तयार केली होती, सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, आणि मी हात डोक्याच्या वर नेऊन ‘एवढे’ असे दाखवून मोकळी झाले. इंग्रजी बोलणारा प्रत्येक माणूस नाताळ साजरा करतो, हे असत्य त्या दिवशी मी चाळीस मिनिटांत पस्तीस मुलांच्या मनात पक्के केले. भाषेच्या आडून काहीतरी गळी उतरवणे, असे आपण म्हणता, ते मी केले ते असे. दुसऱ्या वर्षी त्याच प्रश्नाला मी खरे उत्तर दिले. तेव्हा ‘मग २५ तारखेला तुम्ही काय करता?’ असा पुढचा प्रश्न आला, आणि ‘तुमच्यासारखीच, शाळेत येते’ हे माझे वाक्य पुस्तकाशिवाय सगळ्यांना कळले. तेव्हापासून नाताळ हा विषय मी वर्गात माहितीपुरताच ठेवला.

आता आपल्या सूचनेविषयी. तिसऱ्या वर्षी मी नेमके आपण म्हणता तेच केले. नाताळचा पाठ वगळला आणि त्याऐवजी मुलांकडून नववर्षाची पोस्टकार्डे लिहून घ्यायची असे ठरवले. जपानने १८७३ साली ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हापासून तिथले नववर्ष १ जानेवारीला येते. त्या दिवशी सकाळी घरोघरी नेंगाजो म्हणजे नववर्षाची पोस्टकार्डे पोचतात. १५ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान टपालात टाकलेली कार्डे खात्याचे लोक जपून ठेवतात आणि बरोबर १ तारखेला वाटतात. याहून निर्धोक उपक्रम मला सुचला नसता. मुलांना ही पद्धत ठाऊक, कार्ड त्यांच्या देशातले, शुभेच्छा इंग्रजीत, आणि धर्माचा कुठे संबंध नाही.

वर्गात रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला होता आणि खिडक्यांवर वाफ धरली होती. फळ्यावर मी ‘हॅपी न्यू इयर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले, प्रत्येकाला एकेक कोरे पोस्टकार्ड दिले, आणि मुले रंगीत पेन काढून बारा वर्षांच्या राशिचक्रातल्या, त्या वर्षाच्या प्राण्याचे चित्र काढू लागली. खिडकीजवळच्या एका मुलीचे कार्ड मात्र कोरेच होते. तिने ते बाकाच्या कडेला समांतर ठेवले होते, त्यावर पेन्सिल आडवी ठेवली होती आणि हात मांडीवर घेऊन ती बसली होती. तिला शब्द कळले नसावेत असे समजून मी जवळ गेले आणि ते तीन शब्द सावकाश म्हणून दाखवले. तिने मान डोलावली. पाच मिनिटांनी मी पुन्हा गेले, पुन्हा म्हणून दाखवले, या वेळी तिच्या पेन्सिलीवर बोट ठेवून. तिने पुन्हा मान डोलावली. तास संपेपर्यंत कार्ड तसेच राहिले.

तिचे आजोबा ऑक्टोबरमध्ये वारले होते, हे मला तासानंतर व्हरांड्यात कळले. घरात मृत्यू झाला की जपानी कुटुंब साधारण वर्षभर ‘मोचू’ म्हणजे सुतकात असते. त्या काळात ते नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही आणि घेतही नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच तसे कळवणारी साधी पोस्टकार्डे ते आप्तेष्टांना पाठवते, म्हणजे कोणाकडून नकळत चूक होत नाही. जपानीत नववर्षाची जी शुभेच्छा आहे तिच्या शब्दांतच अभिनंदन आहे, आणि शोकातल्या घराने अभिनंदन कसले लिहायचे? मी त्या मुलीच्या डोक्याशी दोनदा उभी राहून तेच लिहिण्याचा आग्रह केला होता. तिला नकार देण्याइतके इंग्रजी येत नव्हते आणि शिक्षकाला नाही म्हणण्याची रीत नव्हती. इतकी वर्षे झाली तरी ती आडवी पेन्सिल मला आठवते आणि वाईट वाटते.

सोबतच्या शिक्षिकांनी मला आधी का सांगितले नाही, असे आपल्याला वाटेल. त्यांना सांगायला संधीच मिळाली नव्हती. नाताळच्या पाठाआधी मी दोन्ही वर्षे त्यांना विचारत आले होते, की कोणाच्या घरची काही अडचण आहे का, कोणा पालकांना आवडणार नाही का. नववर्षाच्या वेळी विचारलेच नाही, कारण ते सर्वांचे असते असे मीही धरून चालले होते, जसे आज आपण धरून चालला आहात. ज्या सणाविषयी मला शंका होती तिथे मी जपून वागले आणि जिथे शंका नव्हती तिथे एका मुलीला दुखावले. म्हणून एक सण काढून त्याजागी दुसरा बसवावा, ही सूचना मला पटत नाही. सण कोणताही असो, त्या वर्षी, त्या वर्गात, तो कोणाला साजरा करता येणार नाही हे आधी विचारावे लागते, आणि ते सांगू शकेल असा माणूस शेजारीच, शिक्षकांच्या खोलीत बसलेला असतो.

पुढचा मार्गही त्या शिक्षिकांनीच दाखवला. नववर्षाचे पहिले दिवस सरले, की फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ‘कान्चू मिमाई’ नावाची कार्डे पाठवतात. थंडीचे दिवस आहेत, प्रकृती सांभाळा, एवढाच त्यांचा मजकूर असतो. त्यांत अभिनंदन नसल्यामुळे सुतकातल्या घरांनाही ती पाठवता येतात आणि त्या घरांनाही इतरांना लिहिता येतात. जानेवारीत शाळा उघडल्यावर सगळ्या वर्गाने ती इंग्रजीत लिहिली. त्या मुलीने मला पर्सिमन या फळाचे स्पेलिंग विचारले, आणि आजोबांच्या झाडावर बर्फ आहे, एक फळ अजून तसेच आहे, तुम्ही प्रकृतीला जपा, अशी तीन वाक्ये लिहिली. त्या वर्षी माझ्या वर्गात लिहिल्या गेलेल्या सगळ्या इंग्रजीत मला ती तीन वाक्ये सर्वांत चांगली वाटतात.

राहिला एकटेपणाचा मुद्दा. ‘पहिल्या वर्षी घरी जाऊ नये, एखाद्या सहकाऱ्याच्या घरी नववर्ष पाहावे’ असे मी लिहिले होते. मला असे बोलावणे दुसऱ्या वर्षी आले, ते निव्वळ नशिबाने, आणि त्या भरात मी पहिले वर्ष विसरून गेले. शाळेला सुटी लागली तरी माझ्यासारख्या शिक्षकांना एकतर रजा खर्च करावी लागे किंवा रिकाम्या शाळेत येऊन बसावे लागे; मी २८ तारखेपर्यंत बसले. २९ डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत सरकारी कार्यालये बंद असतात, ३१ पासून बँकाही बंद असतात, आणि गावातली माणसे आपापल्या घरांत असतात. ३१ च्या रात्री देवळातल्या घंटेचे १०८ टोले मी खोलीत अंथरुणावर पडून ऐकले. खासगी कंपन्यांमार्फत नेमलेल्या काही शिक्षकांना तर सुटीच्या महिन्यात पगारही कमी मिळतो; घरी जाणे त्यांच्या हातात नसते आणि राहणेही सुखाचे नसते. अशांना मी उपदेश करायला नको होता.

एवढे मात्र सांगते, की काही गोष्टींना बोलावणे लागत नाही, हे मला उशिरा समजले. वर्षअखेरीची ओसोजी म्हणजे मोठी सफाई शाळेत सगळे मिळून करतात. त्या दिवशी फडके घेऊन मुलांबरोबर जमिनीवर बसले, की भाषेवाचून काही अडत नाही. शिक्षकांच्या बोनेनकाईला, म्हणजे सरत्या वर्षाच्या मेजवानीला, आपले नाव विचारले गेले तर वर्गणी देऊन अवश्य जावे. आणि ३१ च्या रात्री देऊळ सर्वांसाठी उघडे असते. पुष्कळ ठिकाणी रांगेत उभे राहणाऱ्याला घंटेचा एक टोला स्वतः देता येतो. मी तो तिसऱ्या वर्षी दिला. दोर इतका गार होता की हातमोज्यातूनही बोटे बधिर झाली, आणि मागे उभ्या असलेल्या आजींनी मला नीट धरायला शिकवले. ज्याला घराची ओढ आहे आणि ज्याला जाणे परवडते, त्याने मात्र पहिल्याच वर्षी खुशाल घरी जावे. मूळ लेखातले ते वाक्य मी आज काढून टाकले आहे.

आपण येत्या वर्षी दक्षिण कोरियात रुजू होणार असल्याचे लिहिले आहे. तिथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुटी असते, पण मोठा सण सोल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष. तो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो. त्या दिवसांत सगळा देश गावी निघालेला असतो, त्यामुळे कुठे जायचे असल्यास रेल्वेची तिकिटे फार आधी काढा. पहिला हिवाळा कसा गेला ते मात्र जरूर कळवा.